कला जपायची म्हणजे कोणाला जपायचे?

चीनमधील प्रादेशिक संगीत-नाट्याचे जतन हा कलासमीक्षकांचा विषय मानला जातो. मला तो समाजव्यवस्थेचा प्रश्न वाटतो. तेथे प्रांतागणिक बोली, सूर आणि नाटकाची रीत बदलते. असे शेकडो नाट्यप्रकार आहेत. संहिता छापून ते टिकत नाहीत. स्वर, पावलांची चाल, लांब बाहीची फेक, डोळ्यांची हालचाल हे सारे गुरू शिष्याला समोर घेऊन तोंडी शिकवतो. गुरू काही न देता मेला, तर नाटकही त्याच्याबरोबर जाते.

हा गुरू कोण होता? बादशाहीत नटाची गणना हीन वर्गात होई. त्याला व त्याच्या मुलानातवंडांना सरकारी परीक्षेस बसता येत नसे, आणि अधिकारपदाचा मुख्य दरवाजा तर तोच होता. शाओशिंग परिसरात द्वोमिन नावाचा बहिष्कृत समाज होता. लग्नात वाजवणे, नाटकात गाणे ही त्यांची जन्माने ठरलेली कामे, बेटीव्यवहार आपसातच. 1723 साली योंगचंग सम्राटाने त्यांचा हीन दर्जा रद्द केला. परंतु 1771 च्या नियमाने हलका धंदा सोडणाऱ्याच्या चौथ्या पिढीलाच परीक्षा खुली केली. मूळचे शाओशिंगचे लेखक लू शुन यांना 1933 सालीही या समाजावर लिहावे लागले.

सुचौ भागातील खुन्छू या नाट्यप्रकाराची गोष्टही बोलकी आहे. विद्वानांनी लिहिलेली, श्रीमंतांनी वाखाणलेली ही शैली विसाव्या शतकाच्या आरंभी मरणपंथाला लागली होती. 1921 मध्ये सुचौला तिची शाळा निघाली. चाळीसेक मुले आली, बहुतेक गरीब घरची. प्रत्येकाच्या रंगभूमीवरील नावात 'छ्वान' हे अक्षर घातले गेले. अर्थ, पुढे देणे. त्यांच्यापैकीच काहींनी 1956 मध्ये 'नाण्यांच्या पंधरा माळा' हे नाटक गाजवले आणि खुन्छू सावरली. 1966 नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत जुनी नाटके बंद पडली. त्या दशकानंतर हयात असलेल्या या वृद्धांनीच पुन्हा नवी पिढी शिकवली. 2001 साली युनेस्कोने खुन्छूचा गौरव केला.

आपल्याकडे तमाशाच्या जतनाच्या योजना मांडणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. ध्वनिफिती आणि संग्रहालये हवीतच. परंतु फडातल्या कलावंताला म्हातारपणी भाकरी, त्याच्या मुलीला शाळा, आणि तिला ही कला नाकारण्याचाही हक्क मिळतो का, हे मी आधी विचारीन.