ॲलिसचीं यंत्रनिर्मित चलच्चित्रें व टेनिएलची चित्रपरंपरा

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून जुन्या कथांचीं चलच्चित्रें करवून घेण्याचा प्रघात हल्लीं वाढत आहे. अशा चलच्चित्राचें मूळ कथेच्या संहितेंत असतें कीं तिच्या एखाद्या प्रसिद्ध सचित्र आवृत्तींत, हें लुइस कॅरोलकृत ‘ॲलिस’ या इंग्रजी कथेवरून पाहूं.

कॅरोलनें १८६४ सालीं ॲलिस लिडेल या मुलीस जी हस्तलिखित प्रत भेट दिली तींत त्यानें स्वतः काढलेलीं ३७ चित्रें आहेत. त्यांतील ॲलिसचा झगा साधा व सैल आहे. पुढील वर्षीं छापलेल्या ग्रंथासाठीं जॉन टेनिएलनें ४२ चित्रें काढलीं व डॅल्झिएल बंधूंनीं तीं लाकडी ठशांवर कोरलीं. लांब केस, घेरदार झगा व त्यावर एप्रन, ही सर्वपरिचित ॲलिस टेनिएलची होय. संहितेंत तिच्या पोशाखाचें वर्णन जवळजवळ नाहीं. टोपीवाल्याच्या टोपीवरील १० शिलिंग ६ पेन्स किंमतीची चिठ्ठीही केवळ चित्रांतलीच. रंगाचेंही तसेंच. मूळ चित्रें एकरंगी होतीं, १८९० च्या ‘नर्सरी ॲलिस’मध्यें झगा पिवळा झाला, निळा रंग जगभर दृढ केला तो डिस्नेच्या १९५१ च्या चित्रपटानें.

आतां यंत्राची रीत पाहूं. चित्र व त्यासोबतचा मजकूर यांच्या असंख्य जोड्यांवरून, कोणत्या शब्दाबरोबर कोणतीं लक्षणें वारंवार येतात, हें तें शिकतें. ग्रंथावरील ब्रिटिश स्वामित्वहक्क १९०७ सालीं संपल्यावर आर्थर रॅकहॅमप्रभृति चित्रकारांनीं निराळी ॲलिस रंगविली खरी. परंतु टेनिएल व डिस्ने यांच्या वळणाचीं चित्रें फार पसरलेलीं असल्यामुळें नुसतें ‘ॲलिस’ म्हणतांच बहुधा तीच आकृति उमटते. निराळी हवी असल्यास तसें स्पष्ट सांगावें लागतें.

एका अस्सलाच्या शंभर नकला मिळाल्या तरी साक्ष एकच, हा कागदपत्रांच्या परीक्षणांतील नियम येथेंही लागू आहे. शंभर चलच्चित्रांत झगा निळा दिसला म्हणून तो कॅरोलनें सांगितला असें ठरत नाहीं. शिवाय हीं नवीं चित्रें पुढील यंत्रांच्या शिक्षणसाहित्यांत मिसळलीं, तर नकलेवरून नक्कल होऊन अस्सल अधिकच झांकलें जाईल. म्हणून अशा चित्रांतील प्रत्येक लक्षण संहितेंतलें, टेनिएलचें कीं त्यानंतरचें, हें अभ्यासकानें आधीं निवडून घ्यावें. चित्रपरंपरेचें साधन म्हणून त्यांस मोल आहे. कथेचा पुरावा म्हणून नाहीं.