छातीतील जळजळ शमल्यावर

रोग बरा झाला असे केव्हा म्हणावे? ताप उतरला, जखम भरून आली, की हा प्रश्न उरत नाही. परंतु काही व्याधी अशा असतात की त्या मनुष्याचा जीव सहसा घेत नाहीत, मात्र त्याला सुखाने जगूही देत नाहीत. छातीत जळजळणे आणि आंबट पाणी घशाशी येणे ही त्यांपैकीच एक होय. रात्री आडवे होताच घसा पोळू लागतो. उशांचा आधार घेऊन अर्धी रात्र बसून काढावी लागते. बुटाचे बंद बांधण्यास वाकावे तर खाल्लेले वर येते. पंगतीत बसावे तर ताटातील प्रत्येक पदार्थाची धास्ती वाटते. अशा रुग्णाच्या दृष्टीने उपचाराचे यश तपासणीच्या कागदावर नसते. ते निर्धास्तपणे जेवता व झोपता येण्यात असते.

अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक कडे आहे. घास उतरताना ते उघडते व मागाहून मिटते. हे कडे सैल पडले, अथवा जठराचा वरचा भाग श्वासपटलातून छातीत सरकला, की जठरातील आम्ल उलट्या वाटेने चढू लागते. जठराचे अस्तर आम्ल सोसते. अन्ननलिकेचे अस्तर तितके सोशिक नसते.

यावर उपाय दोन. पहिला औषधाचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ओमेप्राझोलने व त्याच्या वर्गातील औषधांनी जठरात आम्ल तयार होणेच पुष्कळ कमी केले. दुसरा उपाय शस्त्राचा. १९५५ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे रुडॉल्फ निसेन या शल्यविशारदाने जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवला आणि सैल कड्याला बळकटी आणली. १९९१ पासून हीच शस्त्रक्रिया पोटाला लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने करता येऊ लागली.

दोहोंतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. औषध आम्ल शमविते, परंतु वाट बंद करीत नाही. शस्त्रक्रिया वाट आवळते. मात्र आवळलेल्या वाटेने वायूही सहजी बाहेर पडत नाही. आपल्याकडे जेवण झाल्यावर तृप्तीचा ढेकर देतात. या शस्त्रक्रियेनंतर काहींना तोच ढेकर येईनासा होतो आणि पोट फुगून राहते. काहींना घास गिळणे जड जाते. म्हणून काही शल्यविशारद जठराचा पूर्ण वेढा न घालता अर्धवट वेढा घालतात.

युरोपातील ११ देशांत ५५४ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्या सर्वांना औषधाने आधीच गुण आलेला होता. पाच वर्षांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा ९२ व शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा ८५ जणांचा विकार आटोक्यात होता. घशाशी येण्याचा त्रास औषधवाल्यांत शेकडा १३ जणांना, तर शस्त्रक्रियावाल्यांत अवघ्या दोघांना होता. उलट, गिळताना अडचण पहिल्या गटात शेकडा ५ व दुसऱ्यात ११ जणांना होती. ब्रिटनमधील दुसऱ्या एका अभ्यासात पाच वर्षांनंतर शस्त्रक्रियेच्या गटात नेमलेल्यांचे जीवनमान अधिक चांगले आढळले. तथापि त्या गटातीलही शेकडा ४४ जण या विकारावरील औषध घेतच होते; मात्र त्या गटातील सर्वांचीच शस्त्रक्रिया झालेली नव्हती. शस्त्रक्रिया झाली म्हणजे गोळी कायमची सुटली, हे गृहीत धरता येत नाही.

‘सुख’ मोजावयाचे कसे? त्यासाठी १९९६ साली एक छोटी प्रश्नावली तयार झाली. आडवे झाल्यावर जळजळते काय, झोपमोड होते काय, आहार बदलावा लागला काय, औषध घेण्याचा दैनंदिन जीवनावर परिणाम होतो काय, असे साधे प्रश्न तीत आहेत. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच प्रश्नावलीने यश मोजले गेले. औषधाने गुण न आलेले ३६६ रुग्ण तेथे आले होते. औषध नियमाने घ्यावयास लावताच त्यांपैकी ४२ जणांना आराम पडला; ९९ जणांची जळजळ आम्ल वर चढण्यामुळे नव्हतीच. गाळून गाळून ७८ उरले. त्यांच्यात शस्त्रक्रियेने शेकडा ६७ जणांना, तर औषधे वाढवून शेकडा २८ जणांना गुण आला.

तेव्हा उपायाची निवड करण्यापूर्वी निदान पक्के करावे, आणि औषध जेवणाआधी, सांगितल्या वेळी घेतले जाते की नाही हे पाहावे. मग रुग्णाने स्वतःला विचारावे: अधिक छळते ते काय, जळजळ की अन्न वर येणे? रोजची गोळी जड वाटते, की फुगलेले पोट अधिक जड वाटेल? या प्रश्नांची उत्तरे वैद्यापाशी नसतात. ती रुग्णापाशीच असतात. वैद्याने ती विचारून घ्यावीत आणि रुग्णाने संकोच न धरता सांगावीत.