सुतारकाम शिकायचंय? हाताला उस्ताद हवा, आणि हातात दाखलाही हवा

दहावीचा निकाल लागला की बोईसर, तारापूर, दांडी भागातल्या अनेक घरांत एकच काळजी सुरू होते. पोराचं पुस्तकात मन नाही आणि घरी बसवून ठेवणं परवडत नाही. मग कुणीतरी ओळखीचा ठेकेदार काढतो आणि पोरगा एमआयडीसीच्या गेटवर उभा राहतो, नाहीतर फर्निचरच्या मिस्त्रीबरोबर हेल्पर म्हणून जातो. आठवड्याला चार पैसे हातात येतात आणि घरच्यांना बरं वाटतं.

दहा वर्षांनी चित्र काय असतं? हात तयार झालेला असतो, पण माणूस रोजावरच असतो. माप घेणारा दुसरा, कोटेशन देणारा दुसरा, गिऱ्हाईकही दुसऱ्याचं. आमचं म्हणणं एवढंच आहे की उस्तादाकडे जरूर पाठवा, पण सोबत रीतसर शिक्षण आणि दाखलाही घ्या. दोन्हींपैकी एकावर भागत नाही.

हे काम हलकं नाही

आपल्याकडे अजूनही "शिकला नाही, म्हणून सुतार झाला" असं म्हटलं जातं. हे बोलणं सोडायला हवं. हजरत जकरिया (अ.स.) सुतार होते, असा उल्लेख सहीह मुस्लिममध्ये आहे. हजरत नूह (अ.स.) यांनी अल्लाहच्या हुकुमाने जहाज बांधलं, हे तर लहान मुलांनाही ठाऊक असतं. पैगंबरांनी ज्या कामाला हात लावला, ते काम करताना आपल्या मुलाने मान खाली का घालावी?

काम कुठे आहे?

आपल्या किनाऱ्यावर सुताराची ओळख आधी होडीमुळे होती. आता फायबरच्या होड्या वाढल्या, पण जमिनीवरचं काम कितीतरी पटीने वाढलं. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला. त्याआधीच, 2013 पासून, लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली होती. बोईसर, पालघर, विरार पट्ट्यात इमारती उभ्या राहिल्या आणि राहताहेत. प्रत्येक फ्लॅटला दरवाजे, किचन ट्रॉली, कपाट, बेड लागतो. हे घरगुती काम. दुकानाचं काउंटर, दवाखाना, ऑफिसची पार्टिशन, हॉटेलची बैठक हे व्यावसायिक काम. घरगुती कामात घरच्यांशी बोलणं आणि फिनिशिंग महत्त्वाचं. व्यावसायिक कामात नकाशा वाचणं, ठरलेल्या तारखेला काम देणं आणि बिल बनवणं महत्त्वाचं. मोठा पैसा बहुतेक वेळा दुसऱ्या कामात असतो, आणि तिथेच आपला मुलगा मागे पडतो.

शिक्षणाने नेमका काय फरक पडतो?

एक साधं उदाहरण घेऊ. प्लायवूडचा शीट 8 बाय 4 फुटांचा, म्हणजे लांबीला साधारण 2440 मिलिमीटर. नवशिका म्हणतो, 610 चे चार तुकडे निघतील. निघत नाहीत. करवतीचं पातं साधारण 3 मिलिमीटर खातं. तीन काप म्हणजे 9 मिलिमीटर गेले, आणि प्रत्येक तुकडा 607 च्या आसपास आला. कपाटाच्या फळ्या 610 च्या धरल्या असतील तर सगळंच माप चुकलं. हे नुकसान मिस्त्रीच्या खिशातून जातं.

दुसरं उदाहरण दरवाजाच्या चौकटीचं. दोन उभी लाकडं सात-सात फूट आणि वरचं तीन फूट, मिळून 17 फूट. लाकूड 5 इंच बाय अडीच इंच. 5 ला अडीचने गुणा, 144 ने भागा आणि 17 ने गुणा. उत्तर येतं जवळपास दीड घनफूट. हा हिशेब ज्याला तोंडपाठ आहे, त्याला वखारीत कुणी फसवू शकत नाही आणि तो गिऱ्हाइकाला जागेवर भाव सांगू शकतो.

तिसरी गोष्ट मालाची. आपल्याकडे समुद्राची खारी, दमट हवा आहे. किचनमध्ये आणि बाथरूमजवळ साधा प्लाय लावला तर तो फुगतो आणि लोखंडी स्क्रू गंजतात. प्लायवर आयएस 303 असेल तर तो सर्वसाधारण वापराचा, आयएस 710 असेल तर मरीन. हे वाचता आलं पाहिजे आणि गिऱ्हाइकाला समजावताही आलं पाहिजे.

रस्ता कोणता?

पहिला रस्ता आयटीआय. सुतारकामाचा ट्रेड एक वर्षाचा आहे. आधी त्याचं नाव कारपेंटर होतं, आता वूड वर्क टेक्निशियन आहे. केंद्राच्या नियमाप्रमाणे आठवी पास पुरते. दहावीत राहिलेल्या मुलालाही अशा ट्रेडची दारं बंद नसतात, म्हणून नापासाची गुणपत्रिका फेकून देऊ नका. प्रवेश ऑनलाइन होतो. प्रत्येक आयटीआयमध्ये सगळे ट्रेड नसतात, तेव्हा फॉर्म भरण्याआधी पालघर आणि ठाणे, दोन्ही जिल्ह्यांची यादी पाहा. राज्यातल्या काही शासकीय आयटीआयमध्ये अल्पसंख्याक तुकड्याही आहेत. तो पर्यायही बघा.

दुसरा टप्पा अॅप्रेंटिसशिप. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपनीत काम शिकता येतं, दरमहा विद्यावेतन मिळतं आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. ठेकेदाराच्या तोंडी आश्वासनापेक्षा हे कितीतरी भक्कम.

तिसरा रस्ता आधीच काम करणाऱ्यांसाठी. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात सुतार आहे, होडी बांधणारा आहे आणि मासेमारीचं जाळं विणणाराही आहे. वय किमान 18 हवं आणि हाताने, अवजाराने स्वतःचा धंदा चालू हवा. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. आधी पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि ओळखपत्र. नोंदणी सीएससी केंद्रावर आधारच्या अंगठ्याने होते, आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. लक्षात ठेवा, ही योजना कारागिरासाठी आहे. काम अजून हातात न घेतलेल्या मुलासाठी आयटीआयच बरं.

या योजनेत तारण न ठेवता आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांचं कर्ज आहे, पण त्यावर 5 टक्के व्याज आहे. अनेक घरं व्याजाच्या भीतीने अर्जच करत नाहीत. कर्ज घेणं सक्तीचं नाही. प्रशिक्षण, अवजारं आणि ओळखपत्र घेऊन थांबता येतं.

इमारतीच्या साइटवर काम करणाऱ्या सुताराने आणखी एक काम करावं. वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केलं असेल आणि वय 18 ते 60 असेल, तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. अपघात आणि मुलांचं शिक्षण यांसाठी मंडळाच्या योजना आहेत.

उस्तादाकडे पाठवताना

चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे, आणि अठरापर्यंत धोक्याचं काम देता येत नाही. उस्ताद निवडताना त्याचं काम पाहा, तसे त्याच्या माणसांचे हातही पाहा. ग्राइंडरला लाकूड कापायचं पातं लावून काम चालत असेल तर मुलाला तिथे पाठवू नका. त्या पात्याने बोटं जातात. मशीनचं कव्हर काढलेलं नको, सैल बाही नको, डोळ्यांवर चष्मा हवा आणि तोंडावर मास्क हवा. लाकडाचा बारीक भुसा वर्षानुवर्षं छातीत गेला तर त्रास होतोच. कठीण लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होऊ शकतो, हे आता सिद्ध झालेलं आहे.

जमातीने काय करावं?

हे सगळं एकट्या बापाला झेपत नाही. मस्जिद कमिटीने निकालानंतरच्या एका जुम्याला आयटीआयच्या फॉर्मची माहिती सांगावी. मोबाइल चालवणाऱ्या चार मुलामुलींना बसवून फॉर्म भरून घ्यावेत. गरजू विद्यार्थ्याला जकातीतून अवजारांची पेटी देता येईल का, हे आपल्या आलिमांना विचारावं. रमजानमध्ये दिलेलं राशन महिनाभर पुरतं. रंदा, पटाशी, गुण्या आणि ड्रिल मशीन नीट वापरणारा मुलगा मात्र पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह, स्वतः जकात देणारा होऊ शकतो.

या वर्षी तुमच्या घरात किंवा शेजारी असा मुलगा असेल, तर त्याला ठेकेदाराकडे नेण्याआधी एकदा आयटीआयच्या दारात घेऊन जा. रोज काय, तो कधीही मिळतो. प्रवेशाची तारीख मात्र वर्षातून एकदाच येते.