सर्व्हर फुकट, पण मुदत किती?

हरसूलच्या आठवडे बाजारात कापड विकणाऱ्याला सर्व्हरशी काय घेणे, असे आम्हालाही वाटत असे. पण आम्ही ज्या ठोक पेढीकडून माल उचलतो, तिचा सर्व्हर मागच्या लग्नसराईत बंद पडला. चार दिवस बिल निघेना, बिलाशिवाय गठ्ठे गाडीत चढेनात, आमची जमा रक्कमही दिसेना. पावत्या जपल्या होत्या म्हणून हिसाब जुळला. चौकशीत कळले, यंत्रावर सेंटओएस ७ होते. त्याची मुदत ३० जून २०२४ लाच संपलेली. दुरुस्त्या बंद झालेल्या यंत्रात व्हायरस शिरला होता.

सर्व्हर म्हणजे पेढीची मुख्य चोपडी ज्यात राहते तो कॉम्प्युटर. त्याला चालवणारी लिनक्स ही प्रणाली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केली. तिची नक्कल काढणे कायदेशीर आहे. चोरीच्या सॉफ्टवेअरवर हिसाब लिहिणाऱ्या आपल्या बांधवांनी निदान एवढ्यासाठी तरी इकडे पाहावे.

हीच प्रणाली इतर शेकडो प्रोग्रामांसह तपासून, बांधून देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांत अमेरिकेची रेड हॅट मोठी; पुण्यातही तिचे कार्यालय आहे. ‘रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स’च्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला ती दहा वर्षे दुरुस्त्या पुरवते व त्याची वार्षिक वर्गणी घेते. आमच्या भाषेत, कापड फुकट. पैसे शिलाईचे आणि पुढे उसवलेले टाके घालून देण्याचे.

सेंटओएस ही त्याचीच वर्गणीविना आवृत्ती, २००४ पासूनची. तिच्या ८ क्रमांकाला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार होत्या. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि ३१ डिसेंबर २०२१ ला ती बंद झाली. फुकटच्या मालाला तक्रारीची खिडकी नसते, हे तेव्हा अनेकांना कळले. तिच्या जागी २०२१ मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स आले. दोन्ही विनामूल्य, ९ क्रमांकाला २०३२ पर्यंत दुरुस्त्या आहेत.

आमचे मत असे की, रात्री-अपरात्री धावून येणारा भरवशाचा माणूस जवळ असेल तर लहान पेढीने अल्मा किंवा रॉकी घ्यावे. नसेल तर वर्गणी परवडते. मात्र टॅली विंडोजसाठी बनलेले आहे, ते लिनक्सवर सरळ चालत नाही; आधी विचारून घ्या. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट लिनक्सवरच चालते.

जीएसटीच्या कायद्याने वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिसाब जपावा लागतो. सर्व्हरची मुदत त्या अंदाजाने पाहावी आणि रोजची एक नक्कल दुकानाबाहेर ठेवावी, कारण हार्ड डिस्क जळाली तर कोणतीही प्रणाली कामाची नाही.

आमच्या ठोक पेढीत आता अल्मालिनक्स ९ आहे. नक्कल मात्र तीन महिने जुनी निघाली. मधल्या नोंदी मालकांनी कार्बनच्या बिलांवरून दोन रात्री बसून पुन्हा भरल्या.