पन्हाळ्याचा लाव्हा कसा वाचतात

कोल्हापूरकरांना पन्हाळा नव्यानं सांगायला नको. सिद्दी जौहरचा वेढा, १६६० मधली ती पावसाळी रात्र, तीन दरवाजा, अंबारखाना आणि हल्ली सुट्टीच्या दिवशीची झुणका-भाकर. गडाची आणखी एक ओळख मात्र गावात फारशी कुणाला माहीत नसते. दख्खनच्या लाव्ह्यावर काम करणारे जगभरचे भूशास्त्रज्ञ खडकांच्या एका विशिष्ट गटाला ‘पन्हाळा’ म्हणतात. हे नाव या गडावरून पडलं. नाव द्यावं असं या खडकात काय आहे, आणि एकसारख्या दिसणाऱ्या काळ्या फत्तरांतून तो वेगळा कसा काढला, हे समजून घेतलं तर चंद्रावरचे आणि मंगळावरचे खडक कसे वाचतात तेही बरंचसं समजतं.

कोल्हापूरचा ज्वालामुखी कुठे आहे, असा प्रश्न शाळेतली मुलं हटकून विचारतात. उत्तर थोडं निराश करणारं आहे: नाही. फुजीयामासारखा टोकदार डोंगर दख्खनमध्ये शोधू नये. इथं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला, त्यावर पुन्हा नवा आला. या भेगा थिजलेल्या लाव्ह्यानं भरून उरल्या आहेत. नाशिक-पुणे पट्ट्यात, तापी-नर्मदेकडे आणि कोकणच्या किनाऱ्याला त्या काळ्या भिंतींसारख्या दिसतात. आज उरलेलं लाव्ह्याचं क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे.

सह्याद्रीत या थरांची बारा गटांत मांडणी केली आहे. खालून वर जाताना नावं अशी येतात: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा आणि शेवटी बेळगावजवळचं देसूर. सगळी चळत एका जागी कुठेच पाहायला मिळत नाही. थर दक्षिणेकडे अगदी हलके कलले आहेत, त्यामुळे इगतपुरीहून बेळगावकडे निघालेला माणूस नकळत जुन्या खडकावरून नव्या खडकाकडे जात असतो. पन्हाळा या प्रवासाच्या शेवटाजवळ आहे, म्हणून तो तरुण. अर्थात साडेसहा कोटी वर्षांच्या खडकाला तरुण म्हणायचं धाडस भूशास्त्रातच शोभतं.

इतक्या लांबवर लाव्हा थिजल्याशिवाय पोहोचला कसा? गुऱ्हाळावर काहिलीतला रस वाफ्यात ओतल्यावर वर साय धरते, पण आत बोट घालायची हिंमत कुणी करत नाही. लाव्ह्याचंही तसंच. वरचं कवच थिजतं आणि आतल्या उष्णतेला बाहेर पडू देत नाही. त्या कवचाखालून नवा लाव्हा येत राहतो, कवच वर उचललं जातं आणि प्रवाह फुगत, कडेनं फुटत पुढे सरकतो. वेग फार नसतो, चिकाटी मात्र दांडगी. आंध्रात राजमहेंद्रीजवळ सापडणारे बसाल्टचे थर रासायनिक दृष्ट्या सह्याद्रीतल्या वरच्या गटांशी जुळतात. म्हणजे तो लाव्हा हजारएक किलोमीटर वाहत गेला, असा बहुतेक अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

आता प्रत्यक्ष घाटात येऊ. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल तिथं एकेक प्रवाह वेगळा करता येतो. तळाशी पातळ, बारीक छिद्रांचा पट्टा असतो. काही छिद्रं नळीसारखी उभी असतात. मधला भाग घट्ट, छिद्र नसलेला, उभ्या भेगांचा. हाच काळा पाषाण घडीव कामाला चांगला, आणि अंबाबाईच्या देवळापासून खिद्रापूरच्या कोपेश्वरापर्यंत तोच दिसतो. वरचा भाग पुन्हा सच्छिद्र, कारण वर चढणारे वायूचे बुडबुडे कवचाखाली अडकून पडलेले असतात. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपून या छिद्रांत पांढरी झिओलाइट खनिजं किंवा गारगोटी भरते. दोन प्रवाहांच्या मध्ये कधीकधी विटकरी रंगाचा मातकट थर सापडतो. पहिला लाव्हा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत हवा, पाऊस आणि राख यांना जो वेळ मिळाला, त्याची ही खूण. घाटातून जाताना माणसं सहसा काळ्या कड्यांचे फोटो काढतात. मला विचाराल तर खरा पाहण्यासारखा तो लाल पट्टा.

पन्हाळा तालुक्यातच बांदिवडे गावाजवळ आणखी एक प्रकार आहे: बसाल्टचे बहुकोनी खांब. जाड प्रवाह सावकाश निवताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि तडे थंड पृष्ठभागापासून आत शिरत जातात. सर्वत्र सारखा ताण असेल तर कमीत कमी तड्यांत तो मोकळा करायची सोय षटकोनात असते, म्हणून खांबांना पाच, सहा, सात बाजू येतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच जातीची. मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मार्स रिकनिसन्स ऑर्बिटर’ या यानाच्या कॅमेऱ्यानं एका विवराच्या कडेला असेच खांब टिपले आणि २००९ मध्ये त्यावर निबंध आला. बसाल्ट आकसण्याचे नियम तिथंही तेच.

डोळ्यांनी एवढं जमतं. पण महाबळेश्वर गटाचा दगड आणि पन्हाळा गटाचा दगड हातात शेजारी-शेजारी घेतले तर मुरलेला भूशास्त्रज्ञही पैज लावायला कचरेल. इथं रसायनशास्त्र लागतं. दगडाची पूड करून तिच्यावर क्ष-किरण सोडतात. प्रत्येक मूलद्रव्य त्याच्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण परत फेकतं, त्यावरून कोणतं किती आहे ते मोजतात. १९८० च्या दशकात कीथ कॉक्स, ख्रिस हॉक्सवर्थ, पीटर लाइटफूट, कॉलिन डेव्ही आणि आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव अशा अनेकांनी घाटाघाटांतून खालपासून वरपर्यंत नमुने गोळा केले आणि ही मोजमापं केली. गटांच्या सीमा त्यातून ठरल्या. महाबळेश्वर गटाच्या मानानं पन्हाळा गटात टायटॅनियम आणि स्ट्राँशियम कमी भरतं, आणि वर चढताना हा बदल जिथं दिसतो तिथं रेघ मारली जाते.

स्ट्राँशियम आणखी एका कामाला येतं, आणि ते मला सगळ्यांत हुशारीचं वाटतं. त्याचे ८७ आणि ८६ वस्तुमानाचे दोन समस्थानिक घेऊन त्यांचं गुणोत्तर काढतात. रुबिडियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा क्षय होऊन स्ट्राँशियम-८७ तयार होतं. भूखंडाच्या जुन्या ग्रॅनाइटी कवचात रुबिडियम भरपूर, त्यामुळे तिथं हे गुणोत्तर कोट्यवधी वर्षांत फुगलेलं असतं. खोलवरून येणारा लाव्हा वाटेत त्या कवचात रेंगाळला आणि त्यातला काही भाग वितळवून घेतला, की त्याचंही गुणोत्तर वाढतं. आंबेनळी गटात ते ०.७०४ च्या आसपास आहे, म्हणजे लाव्हा जवळजवळ निर्भेळ. बुशे गटात ते ०.७१३ च्या वर जातं. पन्हाळा ०.७०५ च्या जवळपास. दशांश चिन्हापुढच्या तिसऱ्या आकड्यावर वाद घालणारी माणसं दुरून विक्षिप्त वाटतील, पण लाव्हा जमिनीखाली कुठे थांबला होता याचा पत्ता त्या आकड्यातच असतो.

तिसरी नोंद चुंबकत्वाची. बसाल्टमधले मॅग्नेटाइटचे कण ५८० अंश सेल्सियसखाली निवले की त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. संशोधक खडकात छोटा नळीसारखा नमुना कापतात, त्यावर दिशा आखून घेतात आणि मग प्रयोगशाळेत नेतात. दिशा शक्यतो सूर्यावरून घ्यायची, कारण बसाल्टजवळ होकायंत्र फसवतं. १९५६ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या नमुन्यांवरून दाखवलं की हा लाव्हा निवला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. आजच्या हिशेबानं कोल्हापूरची जागा तेव्हा जवळजवळ ३० अंश दक्षिण अक्षांशावर येते, म्हणजे क्रिकेटमुळे आपल्याला ठाऊक असलेलं डर्बन जिथं आहे त्या रेषेवर.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं. दख्खनच्या बहुतेक मोठ्या थरांत ते उलटं नोंदलं आहे, महाबळेश्वर गटाच्या वरच्या भागात ते सुलटं होतं, आणि पन्हाळा गट पूर्ण सुलट्या काळातला आहे. डायनासोर संपले ते उलट्या काळात. तेव्हा पन्हाळ्याचा लाव्हा वाहिला त्याच्या किमान तीन लाख वर्षं आधी डायनासोर जगातून गेलेले होते. पन्हाळ्याच्या लाव्ह्यावर त्यांच्या मृत्यूचा आळ घेता येणार नाही. खालच्या गटांचा खटला अजून चालू आहे.

वर्षांचे आकडे येतात ते किरणोत्सारी घड्याळांतून. पोटॅशियम-४० चा काही भाग क्षय पावून आरगॉन वायू बनतो आणि स्फटिकात कोंडला जातो; निम्मं पोटॅशियम-४० संपायला १२५ कोटी वर्षं लागतात. नमुना अणुभट्टीत ठेवून, मग टप्प्याटप्प्यानं तापवून बाहेर पडणारा आरगॉन मोजला की वय निघतं. दुसरं घड्याळ युरेनियम आणि शिशाचं. त्याला झिरकॉनचे स्फटिक लागतात. ते बसाल्टमध्ये सहसा नसतात, पण दोन प्रवाहांमधल्या राखमिश्रित थरांत सापडले. २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन्ही घड्याळांचे निबंध छापून आले. उद्रेकाचा मुख्य काळ दहा लाख वर्षांच्या आसपास, यावर दोघांचं एकमत. मोठा जोर डायनासोर संपण्याआधी की नंतर, यावर नाही.

आता परग्रहांकडे. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे असेच पसरलेले बसाल्ट, फक्त बहुतेक ३०० कोटी वर्षांहूनही जुने आणि काही ठिकाणी टायटॅनियमनं गच्च. अपोलो-११ च्या बसाल्टमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड १० टक्क्यांच्या आसपास आहे, पन्हाळ्याच्या दगडात दोनेक टक्के. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान गाडीनं २०२३ मध्ये दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीवर अल्फा कण आणि क्ष-किरण सोडून २३ ठिकाणी मोजमाप केलं. तत्त्व आपल्या घाटातल्या नमुन्यांचंच. अहमदाबादच्या प्रयोगशाळेतल्या संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती माती बसाल्टी नसून चंद्राच्या आद्य कवचाची, ॲनॉर्थोसाइट खडकाची आहे.

मंगळावर अडचण वय ठरवण्याची. तिथून आणलेला दगड हाती नाही, मग विवरं मोजायची: जितकी जास्त, तितकी जमीन जुनी. हे मोजमाप अपोलोनं आणलेल्या ३८२ किलो दगडमातीच्या वयांवरून लावलेलं आहे. २०२० मध्ये चिनी चांग’ए-५ यानानं २०० कोटी वर्षांचा बसाल्ट आणला, तेव्हा त्यातली एक मोठी रिकामी जागा भरली. बसाल्टवर उल्का आदळल्यावर काय होतं हे पाहायला आपल्याला मंगळावर जावं लागत नाही; बुलढाणा जिल्ह्यातलं १.८ किलोमीटर व्यासाचं लोणार त्यासाठी जगभर अभ्यासलं जातं.

पन्हाळ्याच्या माथ्यावरचा तांबडा जांभाही याच अभ्यासात येतो. लाखो पावसाळ्यांनी बसाल्टमधला चुना, सोडा आणि बरीचशी सिलिका धुऊन नेली. उरलं लोह आणि ॲल्युमिनियम. हीच धुलाई पुढे गेली की बॉक्साइट होतं, राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडे त्याच्या खाणी त्यामुळेच. मंगळावरच्या मॉर्थ व्हॅलिस भागात कक्षेतून दिसलं आहे की वर ॲल्युमिनियमयुक्त माती आणि खाली लोह-मॅग्नेशियमयुक्त माती असे थर आहेत. पाण्यानं वरून खाली झिरपत खडक धुतला असावा, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो.

पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, कडे स्वच्छ धुतलेले असताना गडावर जावं. एक भिंग बरोबर असू द्या आणि हातोडी घरी ठेवा. लाल पट्टा, छिद्रांतली गारगोटी, माथ्यावरचा जांभा ही तिन्ही मुलांना सहज ओळखता येतात. बांदिवड्याच्या खांबांवर नावं कोरू नका आणि तिथून दगड आणू नका.