शेवंतीचा आधार, डोळ्याला धोका

गेवराईच्या कापूसपट्ट्यात अंगणातली शेवंती फुलांच्या भाराने कलली, की शेजारी पऱ्हाटी नाहीतर तुराटी रोवतात. आधार योग्यच, सुतळी मात्र इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, सैल बांधावी, म्हणजे देठ काचत नाही. खरा धोका काडीच्या उघड्या टोकाचा. फुलं तोडायला वाकलं, की ते डोळ्याला लागू शकतं. ओरखडा किरकोळ वाटतो. पण काडीवरची बुरशी त्यातून बुबुळात शिरते. काही दिवसांनी दुखणं, लाली वाढते, पांढरा डाग दिसू लागतो. अशा वेळी घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब घातले, तर बुरशीला रानच मोकळं. दूध, मधही घालू नये. डोळा न चोळता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावा. आणि काडीच्या टोकाला रंगीत चिंधीची जाड गुंडाळी करावी. ती लांबूनही दिसते.