लेन्सचं नाव कॅमेऱ्याला कोण सांगतं?

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. सुमारे हजारभर प्रवाशांची सुटका झाली आणि पाण्यात उभ्या असलेल्या गाडीची छायाचित्रं देशभर फिरली. अशा एखाद्या छायाचित्रावरून गाडी कॅमेऱ्यापासून किती अंतरावर होती, हे काढता येतं. शाळेतलं समरूप त्रिकोणांचं गणित त्याला पुरतं. डब्याची उंची साधारण ४ मीटर धरा. सेन्सरवर त्याची प्रतिमा २ मिलिमीटर उंच उमटली असेल आणि लेन्सचं नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंथ, ५० मिलिमीटर असेल, तर गाडी १०० मीटरवर आहे. लेन्स १०० मिलिमीटरची असेल, तर हेच उत्तर थेट २०० मीटर होतं. सगळी मदार त्या एका आकड्यावर, आणि तो आपण बिनधास्त फोटोच्या फाइलमधून उचलतो.

फाइलमध्ये चित्राबरोबर जी माहिती साठवली जाते, तिचा प्रचलित साचा म्हणजे एक्झिफ. १९९५ मध्ये जपानी उद्योगसंघटनेनं तो तयार केला. त्यातली शटरची वेळ कॅमेरा स्वतःच्या अनुभवानं लिहितो, कारण शटर त्याच्या पोटात असतं. लेन्सच्या बाबतीत तो ऐकीव माहितीवर चालतो. लेन्सच्या मागच्या बाजूला धातूचे छोटे संपर्कबिंदू असतात. त्यांतून लेन्समधली चिप आपला ओळखक्रमांक आणि नाभीय अंतर कळवते. कॅमेरा ते टिपून घेतो. समोरची काच खरोखर तीच आहे का, हे तपासायची सोय त्याच्याकडे नाही.

गोंधळ सुरू होतो तो ओळखक्रमांकापासून. कॅननच्या कॅमेऱ्यांना चालतील अशा लेन्स सिग्मा, टॅमरॉन, टोकिना या कंपन्यांनीही बनवल्या आणि त्यातल्या बऱ्याच लेन्स कॅननच्याच एखाद्या लेन्सचा क्रमांक सांगतात. उदाहरणार्थ, १० हा क्रमांक कॅननच्या ५० मिलिमीटर मॅक्रोचा. पण सिग्माची २८ मिलिमीटरची आणि १०५ मिलिमीटरची एकेक लेन्सही तोच सांगते. फिल हार्वे यांच्या एक्झिफटूल या प्रसिद्ध प्रणालीत म्हणूनच एका क्रमांकापुढे अनेक लेन्सची यादी असते. मग नाभीय अंतर आणि सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर जुळवून प्रणाली अंदाज बांधते. लेन्सचं नाव लिहायला सर्वमान्य रकाना मिळाला तोच मुळी एक्झिफच्या २०१० च्या आवृत्तीत. तोवर प्रत्येक कंपनी ते आपापल्या खासगी कप्प्यात ठेवायची.

जुन्या, हातानं फिरवायच्या लेन्सना तर चिपच नसते. अडॅप्टर लावून हेलिओससारखी ५८ मिलिमीटरची सोव्हिएत लेन्स बसवली, तर रकाना रिकामा राहतो. काही अडॅप्टरवर चिप चिकटवलेली असते; ती पुढे कोणतीही लेन्स असली तरी ठरलेलं उत्तर देते, बहुधा ५० मिलिमीटर. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत अशा लेन्सची माहिती हातानं भरता येते. पण लेन्स बदलल्यावर मेनूतली निवड बदलायची राहिली, की पुढच्या सगळ्या फोटोंवर आधीच्या लेन्सचा आकडा चढतो.

मोबाइलमध्ये फसगत आणखी वेगळी. मुख्य कॅमेऱ्याचं खरं नाभीय अंतर बहुतेकदा ५ ते ७ मिलिमीटर असतं, आणि शेजारच्या रकान्यात २४ किंवा २६ असा आकडा दिसतो. तो ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबातला समतुल्य आकडा. दोन्ही खरे, पण एकाच्या जागी दुसरा वापरला तर अंतर साधारण चौपट चुकतं. कमी उजेडात अनेक फोन टेलिफोटो लेन्स बाजूला ठेवतात आणि मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करतात; पडद्यावर झूम मात्र तोच दिसतो.

नुकसान नावापुरतं राहत नाही. फोटो सुधारणाऱ्या प्रणाली लेन्सच्या नावावरून वक्रता दुरुस्त करतात. नाव चुकीचं असेल तर उल्हासनगरच्या लग्नहॉलचे सरळ खांबही वाकलेले दिसतात. न्यायालयातही हा मुद्दा येऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य द्यावं लागतं. त्यातून फाइल नंतर बदलली नाही, एवढं कळतं. टिपतानाच चुकीचं लिहिलं गेलेलं लेन्सचं नाव त्या कसोटीतून सहीसलामत पार होतं.

म्हणून मोजमाप हवं असेल, तर ते चौकटीतच आणावं. अंबरनाथच्या शिवमंदिरावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. भिंतींवर कोरीवकामाची दाटी आहे. तिथल्या एखाद्या मूर्तीचा आकार फोटोवरून काढायचा, तर मूर्तीला हात न लावता, तिच्याइतक्याच अंतरावर मोजपट्टी धरावी आणि फोटो समोरून घ्यावा. मूर्ती आणि पट्टी एकाच काचेतून, एकाच प्रमाणात उतरतात. मग लेन्सनं कॅमेऱ्याला काहीही सांगितलेलं असो, उत्तर बदलत नाही.